सोसायट्यांची उरलेल्या अन्नाची पॅन्ट्री: सुरू करण्याआधी काय ठरवावं

नाशिकच्या इंदिरानगर भागातल्या चार सोसायट्यांना मिळून एक पॅन्ट्री सुरू करायची आहे. रस्त्याला लागून एक रिकामा गाळा मिळालाय, वीसेक जण वेळ द्यायला तयार आहेत. मंगल कार्यालयांत उरणारं जेवण, बेकरीतला न खपलेला माल, मंडईतली भाजी आणि घरोघरचा जादा किराणा तिथे आणायचा, ज्याला हवं त्याने न्यायचं, अशी कल्पना आहे. एका सभासदाने मोठा फ्रिज द्यायचं कबूल केलंय. सुरुवात कशी करावी, काय घ्यावं, काय नाकारावं, परवानगी लागते का आणि असं काम टिकतं का, असं तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात अशाच एका पॅन्ट्रीचं काम बघते. पहिलं उत्तर फ्रिजचं: तो आत्ता घेऊ नका. गाळ्यात फ्रिज दिसला की लोक शिजवलेलं अन्न आणून ठेवायला लागतात. कुणी, कधी आणि किती वाजता शिजवलेलं आणलं, हे दुसऱ्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. शिवाय घरगुती वापराचा फ्रिज गरम पातेलं गार करण्यासाठी बनवलेला नसतो. दहा लिटर कोमट आमटी आत गेली की तिच्या शेजारचं दूधही कोमट होतं. रस्त्यावरचे फ्रिज चालतात, नाही असं नाही. कोचीमध्ये २०१६ साली एका उपाहारगृहाच्या मालकिणीने दुकानाबाहेर असा फ्रिज ठेवला आणि त्याची देशभर चर्चा झाली. पण तिथे तिचे स्वतःचे कामगार शेजारीच होते. जर्मनीत 'फूडशेअरिंग' नावाची स्वयंसेवकांची चळवळ २०१२ पासून चालू आहे. त्यांच्या बर्लिनमधल्या सार्वजनिक फ्रिजांवर २०१६ मध्ये तिथल्या अन्न तपासणी खात्याने नेमका हाच आक्षेप घेतला होता, की जबाबदार माणूस कोण? फ्रिजजवळ माणूस उभा करता येईल तेव्हा फ्रिज घ्या.

अन्न मिळवणं हा या कामातला अवघड भाग कधीच नसतो. तुम्ही दोन कार्यालयांत आणि तीन बेकऱ्यांत नंबर देऊन आलात की फोन सुरू होतील. अवघड आहे ते वेळ सांभाळणं. उरलेल्या प्रत्येक वस्तूला तिची स्वतःची मुदत असते: मसालेभाताची तासाची, मेथीच्या जुडीची संध्याकाळपर्यंतची, पावाची दोन दिवसांची, तूरडाळीची वर्षभराची. म्हणून मी पहिल्या बैठकीतच सांगते की शिजवलेलं अन्न आणि कोरडा माल ही दोन वेगळी कामं आहेत आणि ती एका दारातून करू नयेत. कोरडा माल, भाजी, फळं आणि बेकरीचा माल फळीवर येईल. शिजवलेलं अन्न पॅन्ट्रीत पाऊलही ठेवणार नाही. ते कार्यालयातून थेट जेवणाऱ्यांच्या ताटात जाईल.

लग्नाच्या जेवणाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यांचा उत्साह तिथेच असतो आणि धोकाही तिथेच. शिजवलेलं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर किंवा ५ अंशांच्या खाली ठेवलेलं असेल तोवर ते सुरक्षित. मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. सर्वसाधारण नियम असा की या पट्ट्यात अन्न दोन तासांहून जास्त राहू नये, आणि हवाच ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासाहून जास्त नाही. एप्रिल-मेच्या दुपारी नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा ऐन लग्नसराईत तुमच्या हाती एक तास असतो हे धरूनच चाला.

भाताची काळजी सगळ्यात जास्त घ्यायची. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवताना मरत नाहीत. भात कोमट राहिला की त्यांची वाढ सुरू होते, त्यातून विष तयार होतं, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. 'परत एक वाफ काढू' हा आपला घरचा उपाय इथे उपयोगाचा नाही. मोठ्या टोपातल्या कुर्म्याचा किंवा आमटीचा प्रश्न निराळा. ती वरून गार लागते, पण मध्यभागी तासन्‌तास कोमट राहते, आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाच्या जिवाणूला असंच खोल, हवा न पोचणारं, कोमट अन्न हवं असतं. खव्याची मिठाई, बासुंदी, पनीर यांना तर वाढप्याच्या हातावरचा स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू पुरतो; त्याचंही विष उष्णतेला दाद देत नाही. आंबूस वास आला, भाताला तार सुटली तर कुणीही ते फेकून देईल. पण यांतल्या कितीतरी गोष्टींत वास आणि चव बदलतच नाही. म्हणून 'मी चाखून बघितलं, चांगलं आहे' हे वाक्य तुमच्या गटात कुणीही प्रमाण म्हणून वापरायचं नाही, हे पहिल्या दिवशी ठरवून टाका. अन्नात खुपसायचा थर्मामीटर काही शे रुपयांना मिळतो. दोन घ्या. टोपाच्या मध्यभागी काटा खुपसा. आकडा ६० च्या वर असेल तर उचला, नसेल तर नेमकं किती वाजता गॅसवरून उतरवलं ते आचाऱ्याला विचारा आणि घड्याळ बघून निर्णय घ्या.

आता वेळेचा दुसरा पेच बघा. दुपारच्या लग्नातली शेवटची पंगत अडीच-तीनला उठते. बांधकामावरचे मजूर जेवतात रात्री आठच्या सुमारास. मधले पाच तास ते अन्न ठेवायचं कुठे? कुठेही नाही; ते ठेवायचंच नसतं. त्यामुळे तीनला सुटणाऱ्या अन्नासाठी तीनलाच जेवू शकणारी माणसं शोधावी लागतात. आमच्या अनुभवात अशी जागा म्हणजे मोठ्या सरकारी रुग्णालयाचं आवार. ससूनसारख्या ठिकाणी गावाकडून आलेले नातेवाईक दिवसरात्र बसलेले असतात, त्यांच्या जेवणाला ठरलेली वेळ नसते आणि अनेकांनी सकाळपासून चहाबिस्किटांवर काढलेलं असतं. तुमच्याकडे जिल्हा रुग्णालय आहे. आधी प्रशासनाला भेटून लेखी परवानगी घ्या आणि वाटप नातेवाईकांपुरतंच ठेवा. रुग्णाला त्याचा ठरलेला आहार असतो, त्याच्या हातात लग्नातली जिलेबी द्यायची नाही. रिक्षा स्टँड, हमालांचे अड्डे याही दुपारच्या चांगल्या जागा. रात्रीच्या रिसेप्शनचं अन्न साडेदहा-अकराला सुटतं. त्यासाठी महापालिकेचा रात्रनिवारा, बस स्थानक, रेल्वे स्टेशनबाहेरचा भाग. अशा दहा-बारा जागांची यादी करा: माणसं साधारण किती, जेवतात केव्हा, फोन कुणाला करायचा, भांडी आहेत की पत्रावळी न्याव्या लागतील. फोन येण्याआधी ही यादी तयार असेल तरच गाडी बाहेर काढा. अन्न उचलून मग माणसं शोधत फिरणं, त्यातच तास संपतो.

फोन लवकर यावा यासाठी कार्यालयाच्या मॅनेजरपेक्षा आचाऱ्याशी ओळख वाढवा. यजमान पाहुण्यांत अडकलेला असतो, मॅनेजरला हॉल रिकामा करायची घाई असते. किती उरणार याचा अंदाज आचाऱ्याला शेवटच्या पंगतीच्या आधीच आलेला असतो. 'शेवटची पंगत बसली की मिस्ड कॉल द्या', एवढंच त्याच्याशी ठरवा. मग तुम्ही पोचेपर्यंत अन्न गॅसवर किंवा झाकणबंद असतं. चांगला आचारी अन्न फेकताना मनातून कष्टी होतो; पहाटे चारला उठून त्याने ते रांधलेलं असतं. तुमच्या सगळ्या साखळीत मनापासून साथ देणारा माणूस तोच असेल, त्याचा मान ठेवा.

आणि घ्यायचं फक्त स्वयंपाकघरातल्या पातेल्यातलं, ज्याला वाढपाच्या डावाखेरीज काही लागलेलं नाही असं. ताटातलं उष्टं तर प्रश्नच नाही, पण बुफेच्या टेबलावर पाहुण्यांसमोर उघडं पडलेलंही नको. कोशिंबीर, ओल्या खोबऱ्याची चटणी, मठ्ठा, कापलेली फळं, पनीर, बासुंदी आम्ही घेत नाही. श्रीखंड बंद डब्यात आणि थंड असेल तरच. पुऱ्या, बुंदी, जिलेबी, शंकरपाळी यांची फारशी काळजी नसते. वाहून नेताना मोठं पातेलं नेऊ नका. अन्न सळसळीत गरम न्यायचं तर झाकणबंद, उष्णता टिकवणाऱ्या डब्यांतून. गार करूनच न्यायची वेळ आली तर चार-पाच सेंटिमीटरहून जाड थर नको, पसरट ट्रेमध्ये.

नकार द्यायला शिकणं हे या कामातलं सगळ्यात मोठं कौशल्य आहे आणि आपल्याला ते जड जातं, कारण लहानपणापासून आपण 'अन्न हे पूर्णब्रह्म' ऐकत आलोय. समोरचे यजमान हात जोडून म्हणतात, 'अहो ताई, एवढा भात टाकू कुठे?' अशा वेळी स्वर मऊ आणि उत्तर ठाम ठेवायचं: 'काका, भात दीडला उतरला, आता चार वाजले. भात नाही नेता येणार. पुऱ्या आणि बुंदी देता? आणि न फोडलेलं तेल, साखर, रवा काही उरलंय का?' या शेवटच्या प्रश्नाने आमची पॅन्ट्री कितीतरी वेळा भरली आहे. बऱ्याच घरांत आजही आचारी यादी देतो आणि यजमान शिधा भरतो. त्या यादीत हात सैल असतो. लग्न आटोपलं की तेलाचा डबा, साखरेचं अर्धं पोतं, बटाटे, कोबी, नारळ तसेच पडून राहतात आणि त्यांचं काय करायचं हे कुणाला सुचत नाही. हा कच्चा माल मागा. तो सुरक्षित असतो, टिकतो, आणि बहुतेक गट शिजवलेल्या अन्नाच्या मागे धावताना त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत.

आता फळीकडे येते. लग्नातली नासाडी डोळ्यांत भरते, घरातली दिसत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात २०२२ साली जगभरात १०५ कोटी टन अन्न वाया गेल्याचा अंदाज आहे, आणि त्यातलं ६० टक्के घरांतलं. भारतातल्या घरांसाठीचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो, सालं-देठं धरून. तुमच्या चार सोसायट्यांत मिळून तीनशे घरं आणि घरटी चार माणसं धरली, तर वर्षाला ६६ टन होतात. त्यातला थोडासाच भाग खाण्याजोगा आणि वेळेत हाती येण्याजोगा असेल, तरी तुमचा गाळा त्यावर चालू शकतो.

घरांतून चांगला माल केव्हा येतो याचे ठरलेले प्रसंग आहेत आणि तिथे तुमचा माणूस आधीच पोचलेला हवा. भाडेकरू घर सोडतात त्या आठवड्यात अख्खं स्वयंपाकघर मोकळं होतं. मुलाकडे सहा महिने परदेशी निघालेले आजी-आजोबा डाळी-तांदळाचं काय करावं या विवंचनेत असतात. दिवाळीत भेट आलेल्या मिठाई-सुक्यामेव्याच्या खोक्यांवर खोकी साठतात. गणपती-नवरात्रात नारळ आणि केळी. वॉचमन आणि सोसायटीचे मॅनेजर यांना हे सगळं आधी कळतं. त्यांना सांगून ठेवा.

काय मागवायचं हेही विचार करून ठरवा. बहुतेक पॅन्ट्र्यांत तांदूळ आणि गव्हाचे ढीग असतात, कारण देणाऱ्याला धान्य देणं म्हणजे खरं दान वाटतं. पण २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य रेशनवर मिळतं. ज्या घरी रेशनकार्ड चालतं तिथे तांदूळ-गहू असतात. नसतं ते तेल, डाळ, शेंगदाणे, गूळ, चहापत्ती, साखर, मीठ-मसाला आणि भाजी. दारावरच्या फलकावर 'या आठवड्यात हवं आहे' असं लिहून हीच नावं टाका. दुसरीकडे, खोलीवर गॅस नसलेली माणसंही येतात. आमच्याकडे स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं-मुली येतात, सदाशिव-नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहणारी. त्यांना डाळीचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी चुरमुरे, फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू, केळी, पाव, बिस्किटं.

तपासणीचे काही नियम आम्ही कधी सैल करत नाही. सुटं पीठ आणि सुटं तेल घ्यायचं नाही. पाकीट बंद हवं. धान्य-डाळी सुट्या चालतील, पण ताटात पसरून बघायच्या: जाळी, सोंडे, ओल. पावसाळ्यात हे काम दुप्पट होतं. शेंगदाणे खवट किंवा बुरशी आलेले असतील तर पूर्ण लॉट बाहेर. दाण्यांवरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं, यकृताला घातक, आणि ते भाजून जात नाही. पावावर बुरशीचा एक ठिपका दिसला की तो तुकडा काढून बाकीचा ठेवायचा नाही, अख्खा पाव जातो. हिरवे पडलेले बटाटे नकोत. काळे ठिपके पडलेली केळी मात्र खुशाल घ्या, ती तासाभरात संपतात. तुमच्याकडे फेब्रुवारी-मार्चला द्राक्षांचे सुटे मणी निघतील. घडातून गळलेले म्हणून त्यांना भाव नसतो, गोडीत काही कमी नसतं. पंचवटीच्या बाजारात एखाद्या आडत्याशी बोलून ठेवा, पण ते त्याच संध्याकाळी वाटून टाका.

पाकिटावरच्या तारखा वाचायला सगळ्या स्वयंसेवकांना शिकवा. 'बेस्ट बिफोर' ही दर्जाची तारीख असते, 'यूज बाय' किंवा 'एक्स्पायरी' ही सुरक्षिततेची. दुसरी उलटली की वाटप करायचंच नाही. पहिल्या तारखेबाबत शास्त्र थोडी मोकळीक देतं; तरीही ती उलटलेलं पाकीट आम्ही फळीवर ठेवत नाही. आपल्या घरात आपण वास घेऊन ठरवावं, पण दुसऱ्याच्या हातात तारीख गेलेलं पाकीट ठेवणं म्हणजे तुला एवढं चालेल असं त्याला सांगणं, आणि ते मला मान्य नाही. आलेल्या प्रत्येक वस्तूवर समोरच्या बाजूला मार्करने तारीख लिहा, जुनं पुढे आणि नवं मागे. माल जमिनीपासून वीतभर उंच, भिंतीपासून सुटा. उंदीर-घुशींसाठी पत्र्याच्या कोठ्या, पोती नकोत. खाण्यालायक नसेल ते सोसायटीच्या खतखड्ड्यात.

दारावर काय लिहिता याला फार महत्त्व आहे. 'गरजूंसाठी मोफत अन्न' असा फलक लावलात तर ज्यांना खरोखर हवंय त्यांतले अर्धे आत येणार नाहीत. घरकामाला येणाऱ्या मावशींना त्याच सोसायटीत रोज यायचं असतं, सगळ्यांच्या देखत त्या अशा दारातून कशा बाहेर पडतील? एकट्या राहणाऱ्या, पेन्शन तुटपुंजी असलेल्या आजोबांना तर ते अशक्यच. आमच्या फलकावर 'उरलेलं अन्न वाया जाऊ नये म्हणून. कुणीही न्या, कुणीही आणा' एवढंच आहे. सोसायटीतल्या सुखवस्तू घरांनाही मी आग्रहाने सांगते की येताजाता पावाची लादी न्या, कोथिंबीर न्या. तुम्ही नेलीत म्हणजे ती वाचली, काम तेच आहे. डॉक्टरीणबाई आणि त्यांच्याकडे पोळ्या करणाऱ्या काकू एकाच फळीवरून भाजी निवडताना दिसल्या की काकूंच्या मैत्रिणीही यायला लागतात. फिलिपिन्समध्ये २०२१ च्या एप्रिलमध्ये एका तरुणीने मनिलाजवळच्या मागिनहावा रस्त्यावर बांबूच्या गाडीवर अशी पॅन्ट्री मांडली. ऐपतीप्रमाणे द्या, गरजेप्रमाणे न्या, इतकाच तिचा नियम होता, कुणाला काही पुरावा मागायचा नाही. काही आठवड्यांत देशभर शेकडो ठिकाणी तशा गाड्या उभ्या राहिल्या.

आधार कार्ड मागू नका, उत्पन्न विचारू नका, नेणाऱ्याचा फोटो तर काढूच नका. देणगीदार फोटो मागतील. भरलेल्या फळीचा द्या, मोजलेल्या वजनाचा द्या. कुणी जास्त नेतंय अशी तक्रार पहिल्या महिन्यातच येईल. 'एका प्रकारचं एक, घरात माणसं जास्त असतील तर सांगा' एवढा नियम पुरतो, आणि सांगितलेल्या संख्येवर विश्वास ठेवायचा. एक बाई पिशवी भरभरून नेते म्हणून आमच्यातल्या काहींनी कुरकुर केली होती. ती तिच्या वस्तीतल्या, दार न ओलांडू शकणाऱ्या तीन म्हाताऱ्यांना पोचवत होती. आता ती आमच्या गटात आहे. शाकाहारी-मांसाहारीचे क्रेट वेगळे ठेवा, अंड्याचा केक कुठल्या क्रेटमध्ये आहे ते मोठ्या अक्षरांत लिहा. यात ढिलाई झाली तर विश्वास जातो आणि तो परत येत नाही. ज्यांना फुकट नेणं जड जातं त्यांच्यासाठी निवडायला भाजीची टोपली ठेवलेली असते. पंधरा मिनिटं मेथी निवडून, दोन जुड्या घेऊन लोक ताठ मानेने जातात. मात्र ही सक्ती कधीच नको.

माणसं टिकतील का? वीस जणांतले सहा-सात टिकतील, आणि ते पुरेसे आहेत, जर पाळ्या ठरलेल्या असतील. 'ज्याला जमेल त्याने यावं' या तत्त्वावर गाळ्याला लवकरच कुलूप लागतं. एका पाळीला दोघं: एक दारात बोलायला, एक तपासणीला. दोघांपैकी एक जुना. तपासणीचा निर्णय तपासणाऱ्याचाच, तो दारातल्या माणसाने फिरवायचा नाही, मग आणणारे सोसायटीचे चेअरमन का असेनात. राष्ट्रीय सेवा योजनेची महाविद्यालयीन मुलं उत्साही असतात, वाहतुकीला उत्तम, पण परीक्षा आल्या की दिसेनाशी होतात. त्यांच्या भरवशावर नेहमीची पाळी लावू नका. निवृत्त मंडळी आणि बचत गटातल्या बायका हा खरा कणा. पेट्रोलचा खर्च पदरमोड म्हणून कुणावर टाकू नका. वर्गणीतून तो दर महिन्याला चुकता करा, नाहीतर गाडीवाले हळूहळू फोन उचलेनासे होतात, आणि त्यात त्यांची चूक नसते.

परवानगीचं सांगते. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१९ मध्ये उरलेल्या अन्नाच्या संकलन-वाटपासाठी स्वतंत्र नियम केले आहेत. त्यानुसार वाटप करणाऱ्या संस्थेने नोंदणी करायची, कुणाकडून काय आलं आणि कुठे गेलं याची नोंद ठेवायची, अन्नाच्या डब्यावर नाव, कधी बनवलं, शाकाहारी की मांसाहारी आणि विक्रीसाठी नाही ही माहिती लिहायची, मुदत संपलेलं वाटायचं नाही. आपल्याकडे याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करतं. नाशिकच्या कार्यालयात दोघं जाऊन भेटा, काय करणार आहात ते कागदावर लिहून न्या आणि तुमच्या आवाक्याला कोणती नोंदणी लागू होते ते तिथूनच लिहून घ्या. या भेटीला लोक घाबरतात. उलट, अधिकाऱ्याने एकदा येऊन गाळा बघितला की मोठ्या केटररची भीड चेपते. 'उद्या कुणाला काही झालं तर आमचं नाव येईल' हीच त्यांची खरी अडचण असते, आणि तुमच्याकडे तापमान, वेळ, ठिकाण लिहिलेली वही असेल तर त्या भीतीला उत्तर मिळतं.

ही वही फक्त कायद्यासाठी नाही. रोज काय आलं, किती किलो, कुणाकडून, त्यातलं किती गेलं आणि किती खतात टाकलं, एवढं लिहा. दोन-तीन महिन्यांनी ती वही घेऊन देणाऱ्यांकडे परत जा. बेकरीवाल्याला दाखवा की दर मंगळवारी त्याच्याकडून पावाच्या पंधरा-वीस लाद्या येतात. तो मंगळवारचा घाणा कमी करेल. कार्यालयाला दाखवा की रात्रीच्या रिसेप्शनला भात नेहमी उरतो. पुढच्या यजमानाला आचारी तांदूळ कमी सांगेल. अशाने तुमच्याकडे येणारा माल घटेल आणि काही स्वयंसेवक हिरमुसतील. त्यांना आधीपासून सांगून ठेवा की आपण त्याचसाठी बसलोय. छत्रपती संभाजीनगरमध्ये २०१५ पासून चालणाऱ्या रोटी बँकेसारख्या उपक्रमांत घराघरातून ताज्या पोळ्या-भाजी मुद्दाम करून दिली जाते. ते भूक भागवण्याचं काम आहे, फार मोलाचं, पण वेगळं. तुमचं काम नासाडी कमी करण्याचं आहे, हे गटात स्पष्ट नसलं तर फळी रिकामी दिसू नये म्हणून तुम्ही बाजारातून विकत आणून भरायला लागाल.

तेव्हा पहिले तीन महिने असं करा. आठवड्यातून दोनच संध्याकाळी उघडा, बुधवार आणि शनिवार, साडेपाच ते साडेसात. कामावरून परतणाऱ्यांना ती वेळ सोयीची. फक्त कोरडा माल, भाजी, फळं, बेकरी. चार पत्र्याच्या कोठ्या, तीन मांडण्या, एक वजनकाटा, एक वही, मार्कर. त्याच काळात दोन जणांनी शिजवलेल्या अन्नाच्या जागांची यादी तयार करावी आणि दोन आचाऱ्यांशी ओळख करावी. गाडी आणि डबे तयार झाले की तुळशीच्या लग्नानंतर, हवा थंड असताना, दुपारच्या एखाद्या लग्नापासून सुरुवात करा. एप्रिलच्या उन्हात पहिला प्रयोग नको. सिंहस्थ तोंडावर आहे. तेव्हा अन्नछत्रांतून तुम्हाला मोठमोठ्या पातेल्यांचे फोन येतील, त्याआधी एक थंडी तरी हाताखालून गेलेली असावी. फ्रिज देणाऱ्या सभासदांना सांगा की त्याऐवजी उष्णता टिकवणारे सहा डबे आणि दोन थर्मामीटर द्या. अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाल तेव्हा वहीचा कोरा नमुना सोबत न्या, रकाने तिथेच तपासून घ्या.